तीन नंबरची लाल बत्ती

सोमवार, ३ फेब्रुवारी १९५८. आलापल्ली.

जंगू आज माझ्याकडे तक्रार घेऊन आला. म्हणे, तीन नंबरच्या ट्रकची मागची लाल बत्ती ब्रेक दाबल्यावर लागत नाही! मला, यार्डाच्या मिस्त्रीला सांगतो! जानेवारीत सुताराने त्या ट्रकला नवी लाकडी बॉडी चढवली तेव्हा पुढून मागेपर्यंत एकूण एक तार मी या हातांनी ओढली आहे. हा आहे चार नंबरचा ड्रायव्हर. स्टिअरिंग धरून दोन वर्षं झाली नाहीत.

आमच्या शेठजींचे ट्रक जोडीने सुटतात. सागाचे ओंडके भरून दोन गाड्या एकामागे एक बल्लारशाला निघतात. एक फसली तर दुसरीने ओढायची. पुढे तीन नंबर, तिच्यावर इसरू. मागे चार नंबर, तिच्यावर जंगू. रस्ता कच्चा. पुढच्या गाडीची धूळ अशी उठते की मागच्याला फक्त ती लाल बत्ती दिसली तर दिसते. तेवढं खरं आहे.

संध्याकाळी तपासली. मी आत बसून ब्रेक दाबला, लच्छू मागे उभा. विचारलं, पेटली? म्हणाला, पेटली जी. झालं. मग जंगू खोटं का बोलला?

लच्छू आमच्या यार्डाचा म्हातारा चौकीदार. या अख्ख्या यार्डात ज्याच्या शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन असा एकच माणूस. बाकी सगळे आपापल्या सोयीचं बोलतात.

मंगळवार, ४ फेब्रुवारी.

इसरूला विचारलं. म्हणतो, मी पुढं बसतो, मले मागचं काय दिसणार? बरोबर आहे. पण म्हणताना हसला. का हसला?

गुरुवार, ६ फेब्रुवारी.

रात्रभर विचार केला. बत्ती यार्डात पेटते आणि रस्त्यावर पेटत नाही, याचा अर्थ रस्त्यात कुणीतरी हात लावतो. दोन तारांचा तो बल्ब इकडे मिळत नाही, चांद्याहून आणावा लागतो. आष्टीला चहा प्यायला थांबतात तेव्हा काढून घ्यायचा आणि यार्डात शिरण्याआधी परत बसवायचा. कशासाठी, ते अजून कळलेलं नाही. पण लोक काय वाट्टेल ते करतात.

म्हणून आज बत्तीच्या काचेवर आणि तिच्या पत्र्यावर मिळून माझ्या बायकोच्या, गुणाबाईच्या डोक्याचा एक केस गोंदाने चिकटवला. बत्ती उघडली की केस तुटणार. केस कशाला पाहिजे ते तिला सांगितलं नाही. तिने विचारलं. नुसतं हूं म्हटलं. आता ती माझ्यावर शंका घेते आहे, असू दे.

शनिवार, ८ फेब्रुवारी.

गाड्या परत आल्या. केस जिथल्या तिथे!

आणि जंगूची तीच तक्रार. ती पण माझ्याकडे नाही, चहाच्या हॉटेलात, चार लोकांसमोर. मिस्त्रीले सांगून सांगून थकलो, असं म्हणाला म्हणे. एकदाच सांगितलंस बाबा, त्यात थकायला काय झालं?

तरी काम सोडलं नाही. बॅटरीपासून सुरुवात केली. या गाड्या लष्कराच्या लिलावातल्या. ब्रेकच्या तेलाच्या नळीवर एक छोटा स्विच बसवलेला असतो. पायडल दाबलं की तेलाचा दाब वाढतो, तो दाब स्विचच्या आतली पट्टी ढकलतो, दोन टोकं जुळतात आणि करंट मागे जातो. यात लबाडीला जागा नाही. माणसांपेक्षा हे बरं. तपासणीचा बल्ब आधी स्विचच्या अलीकडे लावला, पेटला. पलीकडे लावून पायडल दाबलं, पेटला. म्हणजे स्विच चांगला. मग लच्छूला मागे उभं केलं. पेटली जी.

मंगळवार, ११ फेब्रुवारी.

तरीही स्विच बदलला. चांगला असून बदलला, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको. मोडक्या एक नंबरचा काढून हिला लावला. तेल सगळं कोपरापर्यंत आलं, नळीत हवा शिरली, ती काढण्यात अर्धा दिवस गेला.

शेवटची तपासणी चालली होती तेव्हा जंगू आला आणि लच्छूच्या शेजारी मागे उभा राहायला लागला. मी आतूनच हाकललं त्याला. तू गाडी चालव, तारा माझ्या मी पाहून घेतो. तो गेला. मग दाबला ब्रेक. लच्छू म्हणाला, पेटली जी, लालभडक!

रात्री जेवताना उलगडा झाला. पुढची गाडी हाकणाऱ्याला स्वच्छ हवा. मागच्याने दिवसभर धूळ खायची. जंगूला तीन नंबर पाहिजे! बत्ती लागत नाही, लागत नाही अशी ओरड करायची, म्हणजे तीन नंबर मागे टाकतील आणि चार नंबर पुढे जाईल. साधं गणित आहे. इतके दिवस माझ्या डोक्यात आलं नाही याचंच नवल.

बुधवार, १२ फेब्रुवारी.

मॅनेजरच्या कानावर घातलं. त्यांनी जंगूला बोलावून सगळ्यांसमोर चांगलं सुनावलं. पुन्हा असली तक्रार आणलीस तर गाडीवरून उतरवीन म्हणाले. भामरागडकडच्या त्याच्या गावातला हा पहिलाच ड्रायव्हर, गाडीवरून उतरवलं तर थेट परत रानात. मान खाली घालून उभा होता.

मला बरं वाटलं. लिहायला काय हरकत आहे, बरंच वाटलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी.

आज जंगू काही बोलला नाही. म्हणजे माझं बरोबर होतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी.

घात झाला.

सकाळी आष्टीच्या अलीकडे रानगवा रस्त्यात आला. इसरूने करकचून ब्रेक मारला. मागून जंगू. तीन नंबरच्या मागे हातभर बाहेर आलेले ओंडके सरळ चार नंबरच्या काचेतून आत गेले. जंगू एका अंगाला पडला म्हणून वाचला. शेजारी त्याचा किलिनर पोचू होता, त्याचा पाय चेचला. चांद्याला नेलंय. पाय राहणार नाही असं सांगताहेत.

दुपारी तीन नंबर यार्डात आणून उभी केली. ओंडक्यांनीच मार घेतला, त्यामुळे तिच्या मागच्या बत्तीला ओरखडासुद्धा नाही. माझा केससुद्धा तसाच.

बुधवार, १९ फेब्रुवारी.

अहेरीहून फौजदार आले. जंगू म्हणतो, पुढच्या गाडीची लाल बत्ती लागलीच नाही, धुळीत कळलंच नाही ती थांबली म्हणून. बत्ती लागली नसेल तर दोष कुणाचा? मिस्त्रीचा. लागली असेल तर जंगूचा. तिसरी वाट नाही.

पंचनामा झाला. फौजदार ऑफिसात खुर्चीवर चहा घेत होते. हवालदार ट्रकच्या माझ्या बाजूच्या दरवाजाजवळ कागद घेऊन उभा. मी ब्रेक दाबला. लच्छू मागून म्हणाला, पेटली. हवालदाराने लिहिलं, बत्ती चालू. मी खाली जबाब दिला की अपघाताच्या आदल्या संध्याकाळीही तपासली होती, चालू होती, लच्छू साक्षीदार. माझी सही. त्याचा अंगठा.

जंगूला घेऊन निघाले. गाडीत चढताना तो माझ्यापाशी थांबला. रागावलेला नव्हता, तेच मला जास्त लागलं. म्हणाला, "मिस्त्री, एकडाव तुमी सोता मागं येऊन पाहा ना जी."

माझ्याकडे अंगठ्यासकट साक्षीदार आहे. कसा साळसूदपणे बोलतो पाहा!

शुक्रवार, २१ फेब्रुवारी.

जंगूची बायको मंगली आली आहे. दोन दिवस चालत आली. यार्डाच्या फाटकासमोर मोहाच्या झाडाखाली बसून असते. रडत नाही, काही मागत नाही. मी फाटकातून आत-बाहेर करतो तेव्हा बघते. तिला कुणी सांगितलं असेल की मिस्त्री तो हा म्हणून?

आता इसरूवर संशय येतो आहे. रानगवा फक्त त्यानेच पाहिला. खरंच होता का? की डुलकी लागली होती आणि जाग येताच पाय पडला ब्रेकवर? विचारलं तर चिडला. चिडतो तोच, ज्याच्या पोटात काही असतं.

गुणाबाई म्हणाली, साऱ्या दुनियेवर संशय घेऊन घेऊन तुम्हाला दमायला कसं होत नाही! मी म्हटलं, साऱ्या दुनियेवर नाही. लच्छूवर नाही. म्हणाली, आणि माझ्यावर? मी जेवत होतो, जेवत राहिलो.

सोमवार, २४ फेब्रुवारी.

आज एक गोष्ट झाली. झाली म्हणजे काहीच झाली नाही. गुणाबाई दुपारी डबा घेऊन यार्डात आली होती. मी घरी गेल्यावर हसत सांगायला लागली. फाटकात लच्छूभाऊच्या हाताच्या अंतरावर जाऊन उभी राहिली, तर तो म्हणतो, कोण हाय? ती गंमत म्हणून गप्प राहिली. तो पुन्हा म्हणाला, कोण हाय जी? ती बोलली तेव्हा कुठे म्हणाला, या बाई, या, मिस्त्री आत हायेत. भर दुपारची वेळ, डोक्यावर ऊन.

तिला हसू आवरेना. मला हसू आलं नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी.

पाहिलं करून. केलं नसतं तर बरं झालं असतं.

दुपारी यार्डात कुणी नव्हतं. तीन नंबरच्या बॅटरीची तार मी काढून ठेवली. पार काढली, बाजूला गुंडाळून ठेवली. आता त्या गाडीत जुगनूएवढाही उजेड पडणं शक्य नाही. मग लच्छूला नेहमीसारखी हाक मारली. तो नेहमीसारखा काठी टेकत मागे जाऊन उभा राहिला. मी आत बसलो. पायडल दाबलं.

"पेटली का, लच्छूभाऊ?"

"पेटली जी. लालभडक."

मी तसाच बसून राहिलो. पाय पायडलवर. तो मागून म्हणाला, अजून पेटूनच हाय जी, सोडा आता.

तो फाटकावर गेल्यावर बॅटरीची तार जोडली. पायडल आणि सीट यांच्यामध्ये बांबूचा तुकडा अडकवून पायडल दाबून ठेवलं. एवढंसं काम, एकट्या माणसाचं. पंधरा वर्षांत कधी केलं नाही, कारण मागून सांगायला कुणीतरी असायचं. खाली उतरलो आणि मागे गेलो.

अंधार. बत्ती मेलेली.

बुधवार, २६ फेब्रुवारी.

दोष सापडला. अर्ध्या तासात. पहाटेच जाऊन बसलो होतो.

मागे बत्तीपर्यंत करंट येतो. बल्ब काढून बॅटरीवर लावला, आतल्या दोन्ही तारा चांगल्या. स्विच आधीचाही चांगला होता आणि नवाही चांगला आहे. मग राहिली परतीची तार. लोखंडी बॉडी असती तर करंट आपोआप गाडीच्या लोखंडातून परत बॅटरीला गेला असता. लाकडातून जात नाही. म्हणून जानेवारीत मी बत्तीपासून एक तार खाली आणून चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या लोखंडाला स्क्रूने आवळली होती. त्याच आठवड्यात चासीला काळा रंग दिला होता, जाड. रंग खरवडायचा राहिला. मी रंगावरच स्क्रू आवळला. करंट मागे जाऊन नुसता थांबून राहायचा, परत फिरायला वाटच नाही. गाड्या दिवसाच चालतात, मागचा साधा दिवा कधी लावलाच नाही, नाहीतर तेव्हाच कळलं असतं.

चाकूने नखाएवढा रंग खरवडला. लोखंड चमकलं. स्क्रू परत आवळला, बांबू लावला, मागे गेलो. पेटली. गाडी तयार झाल्यापासून ही बत्ती पेटलेली मी आज पहिल्यांदा पाहिली. बहुतेक जगात पहिल्यांदा कुणी पाहिली.

जंगू खरं बोलत होता. पहिल्या दिवसापासून. आणि मी केस चिकटवत बसलो होतो!

गुरुवार, २७ फेब्रुवारी.

लच्छूला त्याच्या खोपटात जाऊन गाठलं. नुसतं विचारलं, डोळ्यांना कधीपासून? तो काही लपवायच्या भानगडीत पडला नाही. दोन पावसाळे झाले. आधी धुकं पडल्यासारखं, आता सगळं पांढरं. माणसं चपलांच्या आवाजावरून ओळखतो, ट्रक इंजिनावरून. ओंडके हाताने चाचपून मोजतो. एकदाही चुकला नाही.

मग बत्तीबद्दल विचारलं, काऊन खोटं बोललास? तेव्हा जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहितो.

"पयल्या डाव मी सांगतलो होतो जी, मले दिसत नाई. तुमी आतून वरडले, डोये हायेत का कवड्या, नीट पाय. दुसऱ्या डाव पेटली म्हनलो, तं तुमी शाबास म्हनले. मंग मी पेटलीच म्हनत राह्यलो. मले वाटे, मिस्त्रीनं केलं मंजे पेटलीच असंल."

मला ती पहिली वेळ आठवतसुद्धा नाही. माझं ओरडणं रोजचंच, कुठलं कुठलं लक्षात ठेवू?

पोचूचा पाय गेला, जंगू कोठडीत आहे, हे त्याला सांगितलं. म्हणजे त्याला ठाऊक होतंच, पण त्याच्या पेटलीमुळे, हे सांगितलं. तो खूप वेळ हात चोळत बसला. मग त्याची मुलगी नीलाबाई भात घेऊन आली. नवरा मेल्यापासून बापाकडेच असते. ती गेल्यावर म्हणाला, तुमी शेठले सांगाल ना जी? मी म्हटलं, सांगावं लागेल. तो म्हणाला, हो, सांगा. आणि मी उठताना, माझा पाय दाराच्या उंबऱ्याला लागू नये म्हणून, त्याने हाताने दिवा माझ्याकडे सरकवला. दिवा लावलेला नव्हता.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी.

जेवण जात नाही. गुणाबाईला सांगितलं नाही. तिने ओळखलं असणार.

रविवार, २ मार्च.

खरं सांगायचं तर सरळ आहे. फौजदारांकडे जायचं, म्हणायचं, साक्षीदार आंधळा आहे. जंगू सुटेल. मग आंधळ्याला चौकीदार ठेवलं म्हणून शेठजी लच्छूला त्याच दिवशी हाकलतील. खोपट यार्डाचं आहे, तेही जाईल. खोट्या पंचनाम्यावर अंगठा दिला म्हणून कदाचित जंगूच्या जागी त्याला बसवतील. आणि मी? मी म्हणणार, मला काय माहीत तो आंधळा! माझी सही शाबूत. फसवलं गेलेलं माणूस म्हणून लोक उलट माझी कीव करतील.

न सांगायचं तर त्याहून सरळ. बत्ती आता पेटते. कुणीही येऊन पाहावी. जंगूला शिक्षा होईल आणि माझं बरोबर होतं असंच सगळ्यांना वाटत राहील.

दोन्ही वाटांनी मी कोरडाच राहतो. हे मला सहन होत नाही. आयुष्यभर दुसऱ्याचं खोटं पकडण्यात गेलं. आता जे हातात आलंय ते माझ्या ओरडण्याने तयार झालेलं खोटं आहे आणि माझ्या स्क्रूखालचा रंग आहे. त्या म्हाताऱ्याचं त्यात काय होतं? भीती होती, तेवढीच.

संध्याकाळी फाटकातून बाहेर पडलो. मंगली झाडाखाली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ती उठून उभी राहिली, मिस्त्री मोठा माणूस म्हणून. मी तसाच घरी आलो.

सोमवार, ३ मार्च. अहेरी.

लिहून दिलं. बत्ती जानेवारीपासून बंद होती, चूक माझ्या तारेची. मागे पाहायला मी कधीच कुणाला उभं केलं नाही, न पाहताच चालू म्हणत आलो. पंचनाम्याच्या दिवशी लच्छू चौकीदाराला मी धमकावून पेटली म्हणायला लावलं आणि अंगठा घेतला. त्याला यातलं काही माहीत नाही. खाली सही.

जंगूला उद्या सोडतील. मला इथेच थांबायला सांगितलंय, ही वही तेवढी हवालदाराला विचारून जवळ ठेवली.

वाटलं होतं, फौजदार खोदून विचारतील, उलटसुलट प्रश्न करतील. त्यांनी एकदा कागद वाचला आणि घडी केली. माझ्याबद्दल लिहिलेल्या या एका खोट्यावर कुणालाच संशय आला नाही.